तिचा कोपरा तुम्ही शिवू नका

पत्र पाचोरा तालुक्यातल्या एका गावातून आलंय. नाव नको म्हणालीये म्हणून नाव नाही, आणि फार लांब होतं म्हणून थोडं आटोपशीर केलंय, बाकी शब्द तिचेच.

"ताई, आम्ही गल्लीतल्या पाच जणी मिळून गोधड्या शिवतो. आधी घरच्यापुरतं होतं, आता चार वर्षं झाली ऑर्डरी पण येतात, पुण्याचं एक दुकान घेतं. आमच्यातली सगळ्यात बारीक टाका घालणारी जी आहे, तिला आपण अक्का म्हणू, ५२ वर्षांची, तिला छातीत गाठ निघाली. होळीच्या आधी ऑपरेशन झालं, एक बाजू पूर्ण काढली, काखेतल्या गाठी पण काढल्या. आता किमो चालूये, आठ सांगितलेत, दोन झालेत, नंतर शेक (रेडिएशन) देणार म्हणे. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा आम्ही सगळ्या बघायला गेलो आणि माझ्या तोंडातून निघून गेलं की माझ्या मावशीला पण हेच होतं, दोन वर्षांत गेली. ताई, मी असं का बोलले मला अजून कळत नाही. ती काही बोलली नाही, फक्त पदर सारखा केला. तेव्हापासून माझा फोन घेत नाही. आखाजीला (अक्षय तृतीयेला) झोक्यावर पण आली नाही. इकडे आमच्यातल्या दोघी म्हणतात की तिच्या हातची सुई आपण वापरायची का, आणि बाळांची दुपटी शिवतो त्याला तिचा हात लागू द्यायचा का. मला पटत नाही, पण ठाम सांगता येत नाही. तिची एक अर्धी राहिलेली गोधडी माझ्याकडे आहे. आम्ही ठरवलंय की ती आपण पूर्ण करायची, मधोमध तिचं नाव आणि 'लवकर बरी हो' असं भरायचं आणि सरप्राईज द्यायचं. बरोबर आहे ना? आणि मी तिच्यासमोर जाऊ कशी?"

अगं, वयानं मी मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. आधी एक काम कर, ती अर्धी गोधडी आहे तशी घडी करून कपाटात ठेव. एक टाका घालू नका तिच्यात.

का ते सांगते. २०११ ची गोष्ट, माझ्या मोठ्या जाऊबाईंना हाच आजार झाला होता आणि त्यांचं किमो चालू असताना आम्ही घरातल्या आणि शेजारच्या बायकांनी अगदी हेच केलं होतं जे तुम्ही करायला निघालात. त्यांची एक गोधडी तीन बाजूंनी होत आली होती, त्यांचा कोपरा तेवढा राहिला होता, आम्ही दोन दुपारी बसून संपवली आणि हौसेनं नेऊन त्यांच्या पायावर घातली. त्यांना रडू आलं. आम्हाला वाटलं आनंदानं. चौथ्या-पाचव्या दिवशी मी दुपारची गेले तर बाई पलंगावर बसून ब्लेडनं आमचे टाके उसवत होत्या, सगळा कोपरा उसवला होता, दोऱ्यांचा हा एवढा गुंता मांडीवर. मला म्हणाल्या, "मन्हा कोपरा तुम्हीन कसाले शिवा?" मी काय बोलणार. मग त्यांनीच सांगितलं की रोज सकाळी उठताना मनात एवढंच असायचं की आज दोन ओळी घालू, नाही जमल्या तर एक घालू, आणि तुम्ही येऊन ते पण संपवून टाकलंत, आता उठू कशासाठी. तो कोपरा त्यांनी पुन्हा घातला, तीन महिने लागले, टाके वाकडेतिकडे आहेत. ती गोधडी अजून आहे, जाऊबाई पण आहेत, मला अजून टोमणा मारतात.

आणि ते नाव भरायचं तर अजिबात नको. बाईचं नाव, खाली शुभेच्छा, चारी कोपऱ्यात चौघींच्या सह्या, अगं ते दिसतं कसं याचा विचार कर ना. निरोप समारंभाला देतात तसं दिसतं. तुमच्या मनात तसं नाही हे मला माहितीये, पण मावशी गेली हे ऐकून बसलेल्या बाईला ते कसं वाचायला येईल.

आता तुझं त्या मावशीचं. बोललीस ते चुकलं, पण जगावेगळं नाही चुकलं, आजारी माणसापुढं आपल्याला भीती वाटली की तोंड आपोआप चालतं आणि नेमकं नको तेच बाहेर येतं, प्रत्येक घरात एक तरी असं बोलून गेलेलं असतं. आता फोन करू नकोस, ती घेत नाही म्हणजे तिला फोनवर नकोय. दुपारी तीन-साडेतीनला, घरातली माणसं जरा इकडेतिकडे असतील तेव्हा जा, हातात शिवण घेऊन जा म्हणजे दोघींनाही बघायला काहीतरी असतं. आणि एकच वाक्य बोल, की त्या दिवशी मी मावशीचं बोलले ते बोलायला नको होतं, चुकलं माझं. बास. त्याच्यापुढं "मला तसं म्हणायचं नव्हतं, मावशीचं तर खूप उशिरा कळलं होतं, तुझं वेगळं आहे" हे सगळं सुरू करू नकोस, कारण मग ती तुलाच समजावत बसते, अगं जाऊ दे, मनावर घेऊ नको, आणि आजारी बाईनं तुझे डोळे पुसायचे का? रडू आलं तर येऊ दे, पण तिच्या मांडीवर डोकं ठेवून नको.

ती म्हणाली की बरं वाटत नाही, नंतर ये, तर "बरं" म्हणून परत फिर आणि आठवड्यानं पुन्हा जा. रुसून बसू नकोस. किमोनंतरचे पहिले चार-पाच दिवस तिला खरंच कुणी नको असतं, मळमळ, तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही. साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तेव्हा गर्दी नको, सर्दी-खोकला असलेलं माणूस तर दारात पण नको. त्यानंतर पुढच्या डोसापर्यंतचा आठवडा त्यातल्या त्यात बरा जातो. एकवीस दिवसांचं चक्र असलं की हा हिशोब तुमच्या लक्षात राहायला सोपा आहे, कॅलेंडरवर तिची तारीख लिहून ठेवा आणि तिसऱ्या आठवड्यात बोलवा.

बोलवा म्हणजे खरंच बोलवा. तिच्या बाजूला तिचं पोतं अंथरलेलं असू दे. येणार नाही असं गृहीत धरून तिची जागा भरून टाकली की ती आली तरी उभीच राहते, कुठं बसू म्हणून, आणि तिला ते बरोबर कळतं.

आता त्या तुमच्या दोघी. त्यांना माझं नाव सांगून वाचून दाखव हे. कॅन्सर सुईनं लागत नाही, श्वासानं लागत नाही, एका ताटात जेवल्यानं लागत नाही, तिच्या हातच्या दुपट्यात बाळाला गुंडाळलं तर बाळाला काहीही होत नाही. शेक चालू होईल तेव्हा पुन्हा कुजबुज होईल की अंगातून लाईट बाहेर येते, नातवंडं जवळ घेऊ नये, ते पण खोटं, ते मशीन बाहेरून किरण मारतं आणि बंद झालं की संपलं, तिच्या अंगात काही उरत नाही. किमोच्या औषधाचं मात्र एक आहे, डोस झाल्यावर साधारण ४८ तास ते लघवी-उलटीतून बाहेर पडतं, तेवढे दोन दिवस तिचे घाण झालेले कपडे घरच्यांनी हातमोजे घालून वेगळे धुवावेत, संडासात पाणी दोनदा टाकावं. लाल रंगाचं औषध असेल तर लघवी पण लालसर होते एक-दोन दिवस, घाबरायचं नाही, ते रक्त नसतं. एवढंच.

आणि खरं सांगू का, सुई वेगळी ठेवायचीच. पण तिच्यापासून तुम्हाला काही होईल म्हणून नाही, तुमच्यापासून तिला होऊ नये म्हणून. तिची प्रतिकारशक्ती आत्ता तळाला गेलेली असते, तुमची गंजकी सुई तिच्या बोटात गेली तर महागात पडेल. तिला नवी पाकिटातली सुई, तिची तिला. हे त्या दोघींना सांगितलंस की त्यांचं पण समाधान होईल, वेगळी सुई तर झालीच!

ऑपरेशन कुठल्या बाजूचं झालं ते तू लिहिलं नाहीस, पण ते महत्त्वाचं आहे. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातलं पाणी वर चढायचा रस्ता अपुरा पडतो, त्या हाताला काही टोचलं, कापलं, भाजलं की संसर्ग पटकन होतो आणि हात सुजू शकतो, आणि ती सूज एकदा बसली की पुरती जात नाही, जन्मभर सांभाळावी लागते. म्हणून त्या हाताला इंजेक्शन नको, बीपीचा पट्टा नको, घट्ट बांगड्या नकोत, आणि शेतात कपाशी वेचायला किंवा बाभळीचं सरपण मोडायला तर नकोच. आता तू म्हणशील उजवीकडचं असेल तर सुई उजव्या हातात असते. अगं पण आपल्याला टोचतं कुठं? खालच्या हाताला. गोधडीखाली जो डावा हात फिरतो ना, सुईचं टोक वर ढकलायला, त्याच्या बोटांची काय चाळणी झालेली असते ते तुला माहितीये. म्हणजे डावीकडचं ऑपरेशन असेल तर जास्तच जपायचं. अंगुस्तान घालायची, आणि दोन्ही हाताला घालायची. आपल्याकडच्या बायकांना अंगुस्तानाचा कंटाळा, मला पण आहे, त्याच्यात टाका कळत नाही म्हणतात, पण आता कळलं नाही तरी चालेल. तो हात कधी लाल झाला, गरम लागला, फुगला तर तेल चोळत बसायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं.

दुसरं, किमोच्या पुढच्या डोसांमध्ये बऱ्याच जणींना जे औषध देतात, पॅक्लिटॅक्सेल, त्यानं बोटांची टोकं बधिर होतात, मुंग्या येतात, शर्टाचं बटण लावता येत नाही असं होतं. सगळ्यांना होतं असं नाही, आणि औषध संपल्यावर बहुतेकींचं हळूहळू कमी होतं, पण वेळ लागतो. तुमच्यातली सगळ्यात बारीक टाका घालणारी बाई आणि तिच्याच बोटांना सुई कळेना, विचार कर तिला काय वाटेल. त्या वेळेला कुणी "काय गं अक्का, टाके कसे पडले आज" असं गमतीत पण म्हणायचं नाही. आणि डॉक्टरला सांगितलंस का, एवढं तेव्हा विचारायचं, कारण बायका हे सांगत नाहीत, त्यांना वाटतं एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरचा वेळ कशाला घ्या, आणि डॉक्टर ते ऐकून डोस कमी-जास्त करू शकतात.

मग टाके नसतील तर ती काय करेल? रंग लावेल. तुमच्यात कुठल्या चिंधीशेजारी कुठली चिंधी बसवायची हे कोण ठरवतं, मला तर पत्रावरून वाटतं तीच ठरवत असणार. मग ते काम तिचं. फक्त जुने कपडे तसेच्या तसे तिच्यापुढं ओतू नका, बोचकं सोडलं की जी धूळ उडते, कधी पावसाळ्यातली बुरशी असते, ती तिच्या छातीत जायला नको. आधी गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, मग न्या. उन्हाची आपल्याकडं काय कमी आहे, वैशाखात ४४-४५ डिग्रीला दोन तासात गोधडी पापडासारखी होते. डांबराच्या गोळ्यांचा वास असलेलं काही नको, त्या वासानं तिला उलटी होईल.

आणि या कामाचे पैसे द्या. हे मी मुद्दाम लिहितेय. ऑर्डरीचे पैसे पाच जणीत वाटले जातात ना, तिचा वाटा बंद झाला असेल तर तिला दोन गोष्टी लागल्यात, एक आजार आणि दुसरं हातातला स्वतःचा पैसा गेला. मदत म्हणून पाकीट दिलंत तर ती घेईल पण तुमच्याशी बोलताना तिची मान खाली जाईल. रंग लावले, पट्ट्या कापल्या, ऑर्डरीची वही ठेवली, तर वाटा आहेच, तो थोडा कमी धरा हवं तर, पण हिशोबानं द्या. वही ती ठेवत असेल तर फक्त बेरीज दुसरीनं गुपचूप बघून घ्या, किमोत डोकं ढगाळल्यासारखं होतं, विसरायला होतं, ते पण डॉक्टरांना माहिती असतं आणि बहुतेकदा निवळतं.

"काही लागलं तर सांग हं" हे वाक्य तुमच्या गल्लीतून बंद करून टाका. कोण सांगतं? मी पण नसतं सांगितलं. त्याऐवजी, मंगळवारी किमोला जाताना तुझ्या नातवाला मी शाळेतून आणते, जेवायला घालते, असं सांगायचं. पाणी येतं त्या दिवशी तिचं पाणी मी भरते. दळण मी आणते. ती नाही म्हणाली तर दळणाचा डबा उचलायचा आणि चालू पडायचं.

खाण्याचं बघ, आपल्याकडं प्रेम म्हणजे शेवभाजी आणि भरीत-पुरी, वर तेलाचा तवंग. नेऊ नका. तोंडात फोड आले असतील तर एक घास आग लावतो, कळण्याची भाकरी तर घशाखाली खरखरत जाते, आणि फोडणीचा वास शेजारून आला तरी तिला मळमळतं. मऊ मुगाची खिचडी, कमी तिखट, कोमट किंवा गारच न्या, गार जेवणाला वास कमी येतो. स्टीलच्या चमच्यानं तोंडात लोखंडासारखी चव लागते अशी तक्रार असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा द्या. उघड्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेलं कलिंगड नको. सालीचं फळ, जे स्वतः सोलून खायचं, ते बरं. म्हणजे केळी, जळगाव जिल्ह्यात राहून केळ्याला काय तोटा. पाणी मात्र भरपूर, एवढ्या उन्हात उलट्या-जुलाब झाले तर माणूस लगेच कोमेजतं.

सगळ्यात मोठी गोष्ट मी मधेच लिहितेय म्हणून नीट वाच. किमो चालू असताना ताप आला, थर्मामीटरवर १००.४ किंवा वर, तर क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही. त्याच वेळी दवाखान्यात फोन करून निघायचं, रात्रीचे दोन वाजले असतील तरी. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा दिसणारा ताप काही तासात जीवावर येतो. तुमच्या गल्लीनं तिच्यासाठी एकच गोष्ट करायची ठरवली तर ही करा, एक डिजिटल थर्मामीटर तिच्या उशाशी, दवाखान्याचा रात्रीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात, आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांना आत्ताच सांगून ठेवा की रात्री-बेरात्री उठवू. आमच्या वेळेला गाडी शोधण्यातच दीड तास गेला होता, ती रात्र मी विसरत नाही.

तुम्हाला काही शिवायचंच आहे, हात शिवशिवतायत, ते मला कळतं. मग तिच्या अर्ध्या गोधडीला हात न लावता हे शिवा. किमोच्या खोलीत एसी असतो आणि तीन-चार तास हातात सलाईन लावून बसायचं, बाहेर ४४ डिग्री आणि आत हुडहुडी. तिथं न्यायला एक हलकी, दोनच पदरी, जुन्या मऊ पातळाची छोटी गोधडी, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत येईल एवढी, पिशवीत मावली पाहिजे, दर वेळी धुता आली पाहिजे. जड केलीत तर ती नेणार नाही. दुसरी, काखेत धरायची उशी, साधारण पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, मधल्या खाचेत काख बसते आणि दोन्ही फुगवटे पुढं-मागं येतात, हात जखमेवर घासत नाही. आत सावरीचा कापूस भरा, हलका असतो. जीपमधून जळगावला जाताना आपल्या रस्त्यांवर जे धक्के बसतात ना, तेव्हा तिला तुमची आठवण येईल. तिसरं, टोप्या. पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यात केस जातात, म्हणजे अक्काचे गेले असणार, आखाजीला ती का आली नाही याचं कारण तूच एकटी असशील असं धरून बसू नकोस. दिवसा पदर असतो डोक्यावर, पण रात्री उशीवर उघडं डोकं टोचतं, घाम येतो. मऊ मलमलची टोपी, शिलाई बाहेरच्या बाजूला घ्या, आतून टोचायला नको.

आणि ब्लाऊज. हे कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. एक बाजू नसली की ब्लाऊज एकीकडं लोंबतं, पदर घसरतो, बाई सारखी पदर ओढत राहते. तू लिहिलंस ना, फक्त पदर सारखा केला. तुमच्यात जी शिलाई मशीन चालवते तिनं एकटीनं जाऊन, दार लावून, नव्यानं माप घ्यावं आणि आतून मऊ सुती कापडाचा खिसा लावून द्यावा, त्यात कापसाची हलकी गादी बसते. जखम पूर्ण भरल्यावर वजनाची सिलिकॉनची पण मिळते, डॉक्टरला विचारून घ्यायची. पुढून हुक असलेलंच ब्लाऊज पाहिजे, हात अजून वर जात नसेल. हात वर जावा म्हणून व्यायाम सांगितलेला असतो, भिंतीकडं तोंड करून बोटांनी मुंगीसारखं वर वर चढायचं. तो रोज करते का बघ, तू पण शेजारी उभी राहून कर, भिंतीवर खडूनं आजची खूण कर. शेक सुरू झाला की त्या जागेची कातडी उन्हात करपल्यासारखी होते, तेव्हा सुती जुनं कापड, सैल, आणि न विचारता हळद-तेल-कोरफड काही चोपडायचं नाही.

पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, किमो, शेक हे सगळं येतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ही योजना २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता, तरी अजून लोकांना वाटतं ती कुणा ओळखीवाल्यांची योजना आहे. दवाखाना योजनेतला पाहिजे, तिथं आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटायचं, नाहीतर १५५३८८ ला फोन करायचा. शेकासाठी किंवा दुसऱ्या मतासाठी मुंबईला टाटाला जायची वेळ आली तर रेल्वेचा सवलतीचा फॉर्म डॉक्टरच्या सही-शिक्क्यानं भरून घ्या, कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला पंच्याहत्तर टक्के सवलत. एसटीत तर बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथं टाटाचे पेशंट आणि नातेवाईक राहतात. चिंध्या जोडून अंगावर घालायचे म्हणून त्यांना लोक गोधडे महाराज पण म्हणायचे, म्हणजे तुम्हा पाच जणींचा तिथं हक्कच आहे म्हण ना.

तिच्या घरी कुणी काढा, गोमूत्र, झाडपाल्याच्या पुड्या आणून देत असेल तर भांडू नकोस, फक्त अक्काला सांग की ती पुडी डॉक्टरला दाखव, किमोच्या औषधाशी काही पुड्या वाकड्यात जातात. किमो सोडून पुडीवर राहा असं कुणी म्हणालं तर मात्र भांड. जोरात भांड.

आणि तुम्ही चौघी. त्या दोघींची भीती कुठून येते माहितीये का, आपल्याला पण असेल तर, तिथून. मग तपासून घ्या ना. मुंबईत टाटानं २० वर्षं दीड लाख बायकांचा अभ्यास केला, मशीन नाही, शिकवलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं छाती तपासायच्या, आणि ५० च्या पुढच्या बायकांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. तीस वर्षांवरच्या बायकांची तपासणी आपल्या आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताईला विचार. अस्तराखाली दोऱ्याची गाठ राहिली तर तुमच्या बोटांना लगेच कळते, तीच बोटं आहेत. गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त-पाणी आलं, बोंड आत गेलं, तर दुखत नाही म्हणून घरी बसायचं नाही, हा आजार सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

बरं, आता तुझं पहिलं जाणं. पुढचा डोस कधी आहे ते तिच्या सुनेला विचार आणि त्याच्या आधीच्या तीन-चार दिवसांत जा. सर्दी नाही ना बघ. हात धुऊन बस. माफी मागून झाली की ती अर्धी गोधडी पिशवीतून काढ आणि विचार, अक्का, ही मी ठेवू का तू ठेवतेस. ती "तूच ठेव" म्हणाली तर परत घेऊन ये, त्याच्यात पण काही वाईट नाही, पुन्हा विचारता येईल. "ठेव इथं" म्हणाली तर नुसती ठेवून उठू नकोस. तिच्या नव्या पाकिटातल्या दहा सुया काढ, दहाही सुयांत दोरा ओवून दे, गाठ मारून, आणि कापडाच्या एका तुकड्याला ओळीनं टोचून तिच्या उशाशी ठेव. बधिर बोटांना टाका एकवेळ जमतो, सुई ओवणं जमत नाही, आणि ते ती कुणाला सांगणार नाही. पुढच्या वेळी गेलीस की रिकाम्या किती झाल्या ते मोजू नकोस, फक्त परत ओवून ठेव.